मदत हवी आहे: निवट्या पाहायला कुठली खाडी गाठू?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडची, त्यामुळे खाडीशी संबंध मासळीबाजारापुरताच. भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी निवटी हवी आहे आणि नुसतं चित्र चिकटवणं मला पटत नाही. अंग ओलं असेल तर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेणारा, ओहोटीला परांच्या रेट्याने चिखलावर सरकणारा मासा. काही जाती तर बिळात हवेचा कप्पा करून त्यात अंडी ठेवतात! हे प्रत्यक्ष दिसायला हवं ना?

अलिबाग-रेवदंड्याकडे बांधावरून किंवा पुलावरून चिखल नीट दिसेल अशी जागा सुचवा. पोरीला चिखलात उतरवायचं नाही.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, या हिशोबाने चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. पहाटे पुण्याहून निघालो तर जमेल. तुमच्या खाडीत आत किती उशीर धरायचा?

शिवाय, चिखलावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या निवट्या वेगळ्या आणि किडे-खेकडे पकडणाऱ्या वेगळ्या. दुर्बिणीतून फरक कसा ओळखायचा?

(कालवणाची कृती नको, ती आईकडे आहे.)