1991 ची एमएक्स-5 घेतलीय, आधी कुठे पैसे घालू?

रेडिंगकर: नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये असतो. लहानपणापासून हवी होती ती माझदा एमएक्स-5 शेवटी घेतली, 1.6, पॉप-अप हेडलाइटवाली. मागच्या चाकाच्या पुढे सिल (दाराखालचा पोकळ पत्रा) फुगलंय, क्लच पेडल मधेच खाली जाऊन बसतं, गार इंजिनला वरून टकटक येते आणि टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह ताळ्यात फिरवणारा पट्टा) कधी बदलला त्याचा कागदच नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला. घरी काय काय जमेल?

तेलकट_हात: आधी सिल, बाकी सगळं नंतर. या गाडीत इंजिन क्वचित मरतं, गंजच खातो तिला. हूडवरचं, म्हणजे कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन ड्रेनमधून खाली जातं, ते तुंबले की पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून कुजतो, म्हणजे बाहेर फुगा दिसेपर्यंत आत बरंच गेलेलं असतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घालून ड्रेन आजच मोकळे कर, फुकटचं काम आहे. पुट्टी भरून देणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नकोस. सीटबेल्टच्या माउंटिंगपासून 30 सेंमीच्या आत पत्रा कुजलेला असेल तर एमओटीला (इथली गाडीची सरकारी तपासणी) फेल, तिथे सलग वेल्डिंगच लागतं. पैसे तिथे घाल.

मिआटावाली: क्लच घरी होतो. स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचला देणारा खालचा सिलिंडर) गळत असणार, गिअरबॉक्सच्या बाजूला दोन बोल्टवर असतो, रबरी बूट मागे सरकवून ओलं आहे का बघ. पेडलकडचा मास्टर सिलिंडरपण सोबतच बदल, नाहीतर थोड्या दिवसांनी तो गळतो. टकटक म्हणजे हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग), ऑइल आणि फिल्टर बदलून बघ, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबते. पण दादा, बेल्टला नंतर कसं म्हणता, कागद नाही तर बदलायलाच हवा ना?

तेलकट_हात: बदलायचाच, दर 60,000 मैलांना असतो. पण हे इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी रस्त्यात बंद पडेल एवढंच, म्हणून वेल्डिंगनंतर. आणि तेव्हा वॉटर पंपही बदलून घे रे, तो काढायला बेल्ट उतरवावाच लागतो, दोनदा मजुरी कशाला. क्रँक पुलीला (इंजिनच्या पुढच्या टोकाला क्रँकवर बसवलेलं चाक) खाचा किती आहेत?

रेडिंगकर: आत्ताच बघून आलो, 4.

तेलकट_हात: मग सुरुवातीचा छोट्या नोजचा, म्हणजे पुढचं टोक आखूड असलेला क्रँक आहे. यात पुलीचा बोल्ट नीट आवळला नाही तर चावीची (पुली क्रँकवर घट्ट धरणारा धातूचा छोटा तुकडा) खाच झिजते आणि पुली डुगडुगायला लागते. इंजिन चालू ठेवून पुलीकडे नीट बघ. सरळ फिरत असेल तर काळजी नाही, फक्त बेल्टच्या वेळी नवी चावी, नवा बोल्ट आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), अंदाजाने आवळू नकोस.