‘निखळलेले’ हाड की ‘मोडून सरकलेले’ हाड?

विचारणा : लहान मुलांच्या मनगटाच्या फ्रॅक्चरविषयी पालकांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहे. ‘डिस्प्लेस्ड फ्रॅक्चर’ला बोलण्यात ‘निखळलेले हाड’ म्हटले जाते आणि पारिभाषिक वळणाने ‘विस्थापित अस्थिभंग’ असेही होते. यांपैकी काय योग्य? तसेच ‘रिडक्शन’ आणि ‘रिमॉडेलिंग’ यांना काय म्हणावे?

उत्तर : ‘निखळणे’ येथे टाळावे, असे मला आग्रहाने वाटते. जे खोबणीत किंवा सांध्यात बसलेले असते ते तेथून सुटले की निखळते. दात निखळतो, खांदा निखळतो, आणि निखळलेल्या खांद्याचे हाड बहुधा अखंडच असते. मुलांच्या या दुखापतीत मात्र मनगटाचा सांधा सहसा जागेवर असतो आणि त्याच्या थोडे वर, अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस या हाडाचे खालचे टोक मोडते. पसरलेल्या तळहातावर पडल्याने ते टोक बहुतेक वेळा हाताच्या मागच्या बाजूला सरकते आणि हात बाजूने पाहिला, तर जेवणाच्या काट्याला असतो तसा बाक दिसतो. ‘निखळले’ एवढेच वाचलेला पालक हात ओढून पाहील, ही भीती मला खरी वाटते.

‘विस्थापित’ व्याकरणाने चुकीचे नाही, पण तो शब्द वाचताच घरदार सोडावे लागलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. ‘सरकलेला अस्थिभंग’ही नको, कारण सरकते ते हाड, भंग नव्हे. नुसते ‘हाड सरकले’ म्हणूनही भागत नाही. मणका सरकला, गादी सरकली, असे आपण न मोडलेल्या गोष्टींविषयी रोज बोलतो. म्हणून ‘मोडून सरकलेले हाड’ असे तीन शब्द लिहावेत. त्यातला ‘मोडून’ कोणत्याही कारणाने गाळू नये.

‘रिडक्शन’साठी ‘हाड बसवणे’ हा शब्द तयार आहे आणि डॉक्टरही तोच वापरतात. भूल देऊन किंवा वेदना शमवून हाड बाहेरून बसवतात, प्लास्टर घालतात आणि ते टिकणार नाही असे वाटल्यास तारा घालतात. बसवलेले हाड प्लास्टरमध्येही पुन्हा सरकू शकते, त्यामुळे सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत पुन्हा एक्स-रे का काढतात, हे पत्रकात अवश्य लिहावे. ‘कच्चे प्लास्टर’ या शब्दाशी एक ओळ जोडावी : सूज वाढण्यास वाव राहावा म्हणून ते आधी एकाच बाजूने घालतात, ‘कच्चे’ म्हणजे निकृष्ट नव्हे.

खरी अडचण ‘रिमॉडेलिंग’ची आहे. ‘हाड जुळणे’ म्हणजे मोडलेली टोके सांधली जाणे, आणि त्यास मुलांत साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. जुळलेले हाड त्या वेळी वाकडे असू शकते. पुढे अनेक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, वाढीबरोबर ते सरळ होत जाते, ही वेगळी क्रिया आहे. तिला ‘हाडाची पुनर्घडण’ म्हणावे, असे मी सुचवतो. रेडियसच्या एकूण वाढीतील सुमारे ७५ टक्के वाढ मनगटाजवळच्या वाढीच्या कूर्चेतून, म्हणजे हाडाची लांबी जेथून वाढते त्या टोकाजवळच्या मऊ थरातून, होते, म्हणूनच येथे पुनर्घडण इतकी जोमदार असते. १० वर्षांखालील मुलांत टोके एकावर एक चढलेली असली, तरी काही वेळा हाड न बसवता केवळ प्लास्टर घालण्याचा निर्णय घेतला जातो. ‘जुळणे’ आणि ‘पुनर्घडण’ हा भेद शब्दांत उतरला नाही, तर अशा मुलाच्या आईवडिलांना आपल्या मुलाकडे दुर्लक्ष झाले, असे वाटत राहते.

प्रतिसाद : मग ‘हाड आपोआप सरळ होते’ असे सोपे वाक्य का नको?

उत्तर : कारण त्यातल्या अटी ‘आपोआप’ या शब्दाखाली दडपल्या जातात. मूल जितके लहान आणि हाड वाढीच्या कूर्चेच्या जितके जवळ मोडलेले, तितकी पुनर्घडण चांगली. वाढ संपत आलेल्या मुलांत ती फारशी होत नाही, आणि हाडाला पडलेला पीळ वाढीने सुटेल असा भरवसा धरता येत नाही. ‘वाढीबरोबर बरेचसे सरळ होऊ शकते, किती, ते वयावर आणि हाड कोठे व कसे मोडले यावर ठरते’ असे लिहावे.

‘मुरगळणे’ आणि ‘मुका मार’ या शब्दांचाही पत्रकात उल्लेख असावा. मुलांच्या हाडांपेक्षा आणि वाढीच्या कूर्चेपेक्षा सांध्याचे बंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) अनेकदा चिवट असतात, त्यामुळे घरात ‘मुरगळले’ म्हणून चोळले जाणारे मनगट पुष्कळदा मोडलेले निघते. प्लास्टरनंतरच्या धोक्यांसाठी मात्र ‘संवेदनाहानी’सारखा शब्द कृपया नको. ‘बोटांना मुंग्या येणे, बोटे बधिर, पांढरी किंवा निळी पडणे, बोटे सरळ करताना कळ येणे किंवा औषध देऊनही दुखणे वाढत जाणे’ असे लिहावे आणि त्यापुढे ‘सकाळची वाट न पाहता, त्याच वेळी रुग्णालयात जावे’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे.