पळण्याआधी एनर्जी ड्रिंक घ्यावं का?

प्रश्न: पहाटे साडेपाचला सोलापूरच्या कंबर तलावाकडे १० किमी पळतो. वजन ६० किलो. निघताना एक कॅन चालेल?

उत्तर १: निघताना नको, ४५-६० मिनिटं आधी. त्यातलं कॅफिन (तरतरी आणणारा घटक) रक्तात चढायला तेवढा वेळ लागतोच. वजनाच्या किलोमागे ३ मिग्रॅ कॅफिन म्हणजे तुम्हाला १८०. सुरुवात निम्म्याने करा. २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५ मिग्रॅ असतं, पण साखर २५ ग्रॅमच्या पुढे. रिकाम्या पोटी घटाघटा प्यायलं की पोट ढवळतं.

उत्तर २: त्यापेक्षा बिनदुधाची कॉफी बरी. शर्यतीच्या दिवशी मात्र पहिला प्रयोग नको, वाटेतच संडासची घाई होते!

उत्तर ३: सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये आधी पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचं बघा राव. छाती धडधडली तर थांबायचं. संध्याकाळी पळणार असाल तर कॅफिन नकोच. पाच तासांनीही निम्मं अंगात असतं, झोप उडते.