एक जनुक काढलं तर पाय वाढले कसे?

अर्धवट_वैज्ञानिक
२०२४ सालची एक बातमी आज वाचनात आली. पोर्तुगालमधल्या गुल्बेंकियन संस्थेत मोइसेस मालो यांच्या गटाने उंदराच्या गर्भातलं एक जनुक मध्येच बंद केलं आणि गर्भाला सहा पाय फुटले. जादाची जोडी मागच्या पायांसारखी, आणि तीही जननेंद्रियाच्या जागी. माझं घोडं इथे अडलंय: जनुक काढलं तर काहीतरी कमी व्हायला हवं ना? वाढलं कसं? आणि नेमकं तिथेच का? माझं जीवशास्त्र बारावीला सुटलं, त्या बेताने सांगा.

पॅराफिन
प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. बातम्यांत 'अमक्याचं जनुक' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, दर अवयवामागे एकेक जनुक नेमलेलं आहे. उंदरांच्या गर्भांचे काप घेण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे याबाबतीत मी जरा चिडका आहे.

आधी क्रम बघा. सस्तन प्राण्याचं शरीर डोक्याकडून शेपटीकडे बनत जातं. शेपटीच्या टोकाशी राखीव पेशींचा साठा असतो, त्यातून मणक्यांचा कच्चा माल टप्प्याटप्प्याने बाहेर पडतो. उंदरात साधारण दर दोन तासांनी एक नवा खंड. हे सगळं १९-२० दिवसांच्या गर्भकाळात, त्यामुळे अर्धा दिवससुद्धा फार मोठा. पुढच्या पायांचे कोंब नवव्या-दहाव्या दिवशी दिसतात, मागचे त्यानंतर थोड्याच वेळात. चुकीच्या वेळी गर्भ काढला तर मागचा कोंब म्हणजे कुशीवरचा नुसता फुगवटा असतो. नवशिके तो हमखास कापून टाकतात.

आता कधीतरी 'धड पुरे, आता मागची बाजू घ्या' असा निरोप यावा लागतो. तो देणारं एक प्रथिन म्हणजे जीडीएफ-११. ते नसलेल्या उंदरांचं वर्णन १९९९ मध्ये आलं: बरगड्यांच्या १३ जोड्यांऐवजी १८, आणि मागचे पाय आणखी मागे सरकलेले. म्हणजे जनुक गेलं आणि बरगड्या वाढल्या! थांबवणारा निरोपच आला नाही, तर आधीचं काम चालूच राहणार.

तुमच्या बातमीतलं जनुक टीजीएफबीआर-१. त्याचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसून असे निरोप पकडतं. ते सुरुवातीपासूनच नसेल तर गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरतो, रक्तवाहिन्या नीट बनत नाहीत. म्हणून या गटाने ते मध्येच बंद केलं.

तिथेच का, हा तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात रसाळ भाग. मागचे पाय आणि बाह्य जननेंद्रिय उत्क्रांतीत मुळात एकाच पेशीसमूहातून निघाले असावेत, असं मानतात. शेजारी म्हणून नव्हे, सख्खे म्हणून. टीबीएक्स-४ आणि आयएसएल-१ ही जनुकं दोन्हीकडे चालू असतात. त्या पेशींनी कोणती वाट धरायची हे ठरताना डीएनएची गुंडाळी बदलते, पायाच्या कामाचे काही भाग मिटतात, दुसरे उघडतात. टीजीएफबीआर-१ नसताना ही गुंडाळी वेगळीच झाली, पायाचा कार्यक्रम उघडा राहिला आणि तोच चालला. पाय बनवण्याची सगळी सामग्री तिथे आधीपासून होती. त्या गर्भांमध्ये पोटातले काही अवयवही बाहेर आले होते, पण मथळ्यात तेवढी जागा कुठली!

शेपूटवाला
सरड्यांची आठवण झाली. सरडे-सापांत जननेंद्रिय जोडीनं असतं आणि ते मागच्या पायांच्या कोंबाशी जोडलेल्या पेशींतून येतं. उंदरात शेपटीच्या कोंबाकडच्या पेशी जास्त वापरल्या जातात. २०१४ मध्ये क्लिफर्ड टॅबिन यांच्या गटाने दाखवलं की अवस्कराकडून (गर्भातल्या मल-मूत्र-जनन मार्गांच्या सामाईक पोकळीकडून) येणारा संदेश ज्या पेशींना मिळतो, त्या जननेंद्रिय बनवण्याचं काम अंगावर घेतात. कोंबडीच्या गर्भात अवस्कराचा भाग पायाच्या कोंबाशेजारी लावला, तर तिथल्या पेशीही त्या दिशेला झुकल्या.

अर्धवट_वैज्ञानिक
@पॅराफिन, खूप आभार. पण हॉक्स जनुकांचं नाव नाही आलं? शाळेत तेवढंच ऐकलं होतं.

पॅराफिन
येणारच होतं. कुठल्या मणक्याला बरगडी फुटेल हे तीच ठरवतात. हॉक्स-१० गटातली जनुकं सगळी काढली (२००३, वेलिक आणि कापेकी), तर कमरेच्या आणि त्याखालच्या मणक्यांनाही बरगड्या आल्या. इथेही नाहीशा झालेल्या जनुकांचं काम 'नको' म्हणण्याचंच होतं. हॉक्स-११ गेलं तर कमरेखालचे मणके कमरेच्यासारखे होतात.

तिसरा_कोपरा
माणसांत असं घडतं का? नुसती उत्सुकता, पेशंट वगैरे कोणी नाही.

पॅराफिन
सहा पायांचं नाही, पण उलट दिशेचं, म्हणजे जनुक नको तिथे चालू होण्याचं, एक उदाहरण आहे. पिटएक्स-१ हे मागच्या पायांचं जनुक, हातांत बंद असतं. लीबेनबर्ग सिंड्रोम या जन्मजात विकारात त्याच्या शेजारच्या डीएनएत तुकडा गळालेला किंवा इकडचा तिकडे झालेला असतो, जनुक स्वतः शाबूत. तरी ते हातात चालू होतं आणि कोपराची हाडं गुडघ्यासारखी, मनगटाची घोट्यासारखी व्हायला लागतात. क्ष-किरण चित्रात कोपर सरळ ओळखू येत नाही.