९८ ची जिप्सी किंग: आधी लिफ्ट, की आधी सडका पत्रा? सल्ला हवाय

जांभाचिरा
नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग १९९८, कार्बोरेटरवाली १३००, बाबांनी घेतलेली. गुहागर तालुक्यात आमची कलमं आहेत, घरापासून बागेपर्यंत ४ किमी जांभ्याचा कच्चा रस्ता, पावसाळ्यात मध्ये पऱ्या (ओढा) लागतो आणि सीझनला मागे आंब्याच्या पेट्या भरून हीच गाडी पळते, त्यामुळे शोपीस नाहीये. आता त्रास असा की ६० च्या आसपास एखाद्या खड्ड्यावर स्टेअरिंग असं काही थडथडायला लागतं की गाडी जवळपास थांबवल्याशिवाय शांत होत नाही, पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला काळं ओघळलेलं असतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर रस्ता दिसतो.

बजेट ८० हजार. पडवीत जागा आहे, ग्राइंडर आहे, वेल्डिंग मशीन मित्राचं. मनात असं आहे की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एक्सलच्या वर घेऊन लिफ्ट करावी, म्हणजे गाडी उंच करावी, ३१ इंची टायर टाकावेत आणि थडथडीसाठी स्टेअरिंग डॅम्पर बसवावा. मेहुणा म्हणतो भंगारात घाल आणि थार घे. मेहुण्याचं सोडून बाकी सल्ला द्या.

सह्यकडा_४बाय४
भावा जिप्सी विकून महिंद्राची एमएम५४० घे, इगतपुरीचं प्यूजो इंजिन, आवाजानेच अर्धा चढ संपतो 😄 मस्करी हां. एक्सलवर पाटे घेतलेस तर पाचेक इंच सहज मिळतील, मी केलंय, दिसायला वाघ दिसते. वर्कशॉपवाल्याने दोन दिवसात करून दिलं होतं. ३१ टाकच.

पाटे_आणि_बुश
कोल्हापूरहून. उद्यमनगरात पंचवीस वर्षं याच गाड्यांखाली झोपलोय म्हणून जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या गाडीचं स्टेअरिंग ६० ला नाचतं तिला पाच इंच वर उचलणं म्हणजे डळमळीत शिडीवर अजून एक शिडी लावणं.

डॅम्परचा विचार आधी डोक्यातून काढा. डॅम्पर रोग दाबतो, रोग किंगपिन बेअरिंगमध्ये असतो. जिप्सीचा पुढचा एक्सल सॉलिड, त्याच्या टोकाला नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, आणि नकल वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर फिरतो, तेच किंगपिन बेअरिंग. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते ना, मग रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी ठोके खात राहतात आणि कपात, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात, बारीक खाचा पडतात. हातात घेतलंत की नखाला लागतात. तशा बेअरिंगची पकड गेली की खड्ड्याचं निमित्त पुरतं.

घरी तपासायचं असं: पुढचं चाक जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. मग डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे खेळ असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचे सांधे बघा. आणि पाट्यांचे बुश, शॅकलच्या (पाटा चेसिसला टांगणाऱ्या कडीच्या) पिना. दहा मिनिटांचं काम आहे, एक रुपया लागत नाही.

गोटीपाना
सांगलीची मी, माझी ९७ ची आहे, पुढचा एक्सल घरी दारातच उघडला होता म्हणून दोन गोष्टी सांगते ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

एक म्हणजे ते काळं ओघळणं. नकलमध्ये खरं तर नुसतं ग्रीस असायला पाहिजे पण एक्सलच्या आतलं ऑइल सील गेलं की गियर ऑइल बाहेर येऊन ग्रीस पातळ करतं आणि ती काळी आमटी चाकावर आणि ब्रेक डिस्कवर उतरते. मी सील बदलले, तीन महिन्यात परत गळायला लागले, परत बदलले, परत तेच! शेवटी कळलं की एक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, मातीने बंद झालेला, आत गरम हवेला जायला वाट नाही म्हणून ती सीलमधूनच तेल ढकलत होती. तू तर पऱ्यातून जातोस, गरम एक्सल गार पाण्यात गेला की पाणी आत ओढून घेतो. दोन्ही एक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर बॉनेटखाली नेऊन बांध. शे-दोनशे रुपयात यापेक्षा मोठं अपग्रेड मिळणार नाही. डिफरन्शियलचं तेल काढून बघ आधी, दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय समजून जा.

दुसरं, किंगपिनखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. कुठली कुठून निघाली ते लिहून ठेव, डावी उजवी वर खाली, फोटो काढ, मी सगळ्या एका डबड्यात टाकल्या आणि मग चार संध्याकाळी रडत बसले. टाइट किती ठेवायचं ते टाय रॉड काढून, बाहेरचं सील न लावता, रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याने नकल ओढून बघायचं, १ ते १.८ किलोला हलला पाहिजे.

जांभाचिरा
ताई, काका, बघितलं. ब्रेक दाबूनही खेळ आहे, दोन्ही बाजूंना. ब्रीदर शोधायलाच अर्धा तास गेला, नुसता मातीचा गोळा. म्हणजे किंगपिन. पण टायर तरी मोठे घेऊ ना? 🙏

लांबचा_चिपळूणकर
मी अमेरिकेत असतो, इथे हीच गाडी सुझुकी समुराई नावाने ८६ ते ९५ पर्यंत विकली गेली, इथली पोरं तिला दगडांवर चढवतात. पण ती ३१ टाकण्याआधी ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) गियर बदलतात, ते कोणी सांगत नाही. नुसता हिशोब कर. तुझा ओरिजिनल २०५/७० आर १५ म्हणजे ६६८ मिमी उंच. ३१ चा साधारण ७८७. म्हणजे प्रत्येक गियर जवळजवळ १८ टक्के लांब झाला. तुझं कार्बोरेटरचं इंजिन ६० बीएचपीचं, एमपीएफआयसारखं (नंतरच्या इंधन इंजेक्शनवाल्यासारखं) ८० चं नाही. भरल्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढताना तिसरा पण घेणार नाही. २१५/७५ घे, ७०३ च्या आसपास, फरक पाच टक्के, लिफ्टची गरज नाही आणि जमिनीपासून पावणेदोन सेंटिमीटर फुकट.

सह्यकडा_४बाय४
मान्य, माझी एमपीएफआय आहे आणि माझ्याकडे पेट्या नसतात. खरं सांगू तर लिफ्टनंतर ब्रेकचे होज ताणले गेले, ते लांब करून घ्यावे लागले, प्रॉपेलर शाफ्ट घुमायला लागला आणि जोरात रेस दिली की पाटे एस आकारात वळतात. दोन दिवसात झालेलं काम निस्तरायला आठ महिने लागले. ते मघाशी लिहायचं राहिलं 😅

पाटे_आणि_बुश
राहिलं नव्हतं, लपवलं होतंत 🙂

आता पत्र्याचं. जांभाचिरा, पायाखालचं भोक हा दिसणारा सड आहे. खरी भीती चेसिसची. समुद्राजवळची गाडी, बंद पेटीसारखी चेसिस, आत लाल माती आणि खारी हवा वर्षानुवर्षं बसून राहिलेली. मागच्या चाकामागे जिथे शॅकल लटकतो तिथे आणि बॉडी माउंटच्या आजूबाजूला हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड, भद्द आवाज आला तर पापुद्रे. आधी पाण्याची भोकं मोकळी करून प्रेशरने आतली माती धुवून काढा, वाळू द्या दोन दिवस.

वेल्डिंगला बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवा, नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्यापेक्षा वाईट. फ्लोअरचा पत्रा साध्या रॉडच्या मशीनने कराल तर भोकाचं भगदाड होईल, त्याला सीओटू वेल्डिंगवाला बोलवा. चेसिसला जाड पट्टी रॉडने चालते पण पट्टीचं टोक सरळ उभं कापू नका, शंकरपाळीसारखं तिरकं कापा, नाहीतर वेल्डच्या बाजूनेच चेसिसला चीर जाते. आणि जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. विटा, चिरे लावू नका. तुमच्या नावातच चिरा आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

गोटीपाना
आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदल, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ९८ चं रबर बनलेलंच नाही, माझ्या कार्बोरेटरचा डायफ्राम फुगून बसला होता. पार्टची काळजी नको, गाडी २०१९ ला बंद झाली तरी लष्कराकडे इतक्या आहेत की माल मिळतो. पुण्यात नाना पेठेत विचार, पण बेअरिंग आणि सील नवीनच घे. जुन्या बाजारातून दरवाजाचं हँडल घे फार तर.

एक_अर्ज_आणि
मध्येच शिरतो. कागदांचं बघितलंय का कोणी? २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० झाली, ते बजेटमध्ये धर. आणि एक्सलवर पाटे, बुल बार, इंजिन बदल असलं काही केलंस तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, फिटनेसला गाडी परत पाठवतात.

जांभाचिरा
बरं, तीन रविवारांचा हिशोब देतो. डावा नकल उघडला. काका म्हणाले तशाच खाचा, वरच्या कपात अकरा मोजल्या, नखाला काय बोटालाही लागतात. किंगपिन बेअरिंग, दोन्ही बाजूंचे सील, टाय रॉड एंड, ब्रेकचे होज, सगळं मिळून बजेटचा चौथा हिस्सा पण झाला नाही. ब्रीदरच्या नळ्या वर नेल्या. मागचं तेल चहासारखं निघालं, तेही दूध जास्त घातलेला. चेसिस डाव्या शॅकलपाशी भद्द वाजली, मधोमध हातोडीचं टोक आतच गेलं, त्यामुळे सीओटूवाला चिपळूणहून पुढच्या शनिवारी येतोय, टाकी उतरवून ठेवलीय. ३१ चा विषय बंद. २१५/७५ सुद्धा पेट्या विकल्यावर.

उजवी बाजू अजून बाकी आहे आणि तिथे अडलोय. नकलच्या मागे जे गोल सील बसतं, फेल्ट, रबर आणि पत्र्याची रिंग, त्यांचा क्रम काय? डावीकडे फोटो काढला होता पण बोट आलंय मध्ये.

गोटीपाना
एक्सलच्या गोळ्याला आधी फेल्ट की रबर यावर मीही अडले होते. डावी बाजू तुझीच जुळवलेली आहे ना, आठ बोल्ट आहेत, परत उघड आणि बघ. यावेळी बोट बाजूला ठेव.