सल्ला हवा: आजी, आई आणि मी, नृत्याचा लघुपट

झिम्माळू:
मंडळी, पाच-सहा मिनिटांचा लघुपट करतेय. आजी, आई आणि मी, शूटिंग घरातच, संवाद नाहीत. बाईच्या वाट्याला आपसूक येणाऱ्या कामांवर आहे. कथक शिकलेय, पण चक्करांची हौस भागवायची नाहीये. काय बघू? आणि साखळ्या, फुटक्या बांगड्या, पिंजऱ्यातला पोपट हे टाळून कसं करू?

निवांत_नाशिककर:
आधी अमेरिकी नृत्यदिग्दर्शक आल्विन एलीचं 'क्राय' (१९७१) हे नृत्य बघा. आईच्या वाढदिवसासाठी बसवलेलं, ज्युडिथ जेमिसन एकटी नाचते. हातात एक लांब पांढरं कापड. तेच शाल, तेच लादी पुसायचं फडकं. बाकी काही सामान नाही. मग माया डेरेनचा 'रिच्युअल इन ट्रान्सफिगर्ड टाइम' (१९४६). मूकपट आहे, त्यात दोघी लोकर गुंडाळतात. 'रोझास डान्स्ट रोझास' हे बेल्जियन नृत्य सगळेच सुचवतील, पण तुमच्या विषयाला ते जरा लांबचं.

कोथरूडची_काकू:
अगं, इतक्या लांब कशाला जातेस? 'लाट्या बाई लाट्या', 'किस बाई किस दोडका किस', मंगळागौरीत स्वयंपाकघरच नाचतंय की! आणि भोंडल्यातलं कारल्याचं गाणं घे. सून विचारते, माहेरी जाऊ का? सासू म्हणते, आधी बी पेर. पेरलं, तर वेल येऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी. तुझी पटकथा तयार! फक्त नऊवारी-नथ घालून स्पर्धेतल्यासारखं नाचू नका बाई.

निवांत_नाशिककर:
कारल्याला +१. हे डोक्यातच आलं नव्हतं.

एडिटिंगवाला:
आजींना नाचवू नका. त्या विळीवर कशा बसतात ते बघा: एक गुडघा उभा, पदर खोचलेला, उठताना गुडघ्यावर हात. मग आई ओट्याशी उभी राहून तेच चिरताना, मग तुम्ही. कॅमेरा स्टँडवर, तिघींची चौकट एकसारखी. चिरण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, त्याच्यावरच लय बसवा. सिनेमातलं गाणं लावलंत तर हक्कांची कटकट होईल.

झिम्माळू:
काकू, कारलं पक्कं! आजीला अख्खं पाठ आहे, आईचं फुलापाशी अडतं. तसंच ठेवते. एकच शंका, बाबा दिसावेत का? चहा मागणारा हात वगैरे?

एडिटिंगवाला:
हात नको, फार वेळा झालंय. बाहेरून पेपर उलटल्याचा आवाज पुरे.

कोथरूडची_काकू:
आणि बाबांना सांग, शूटिंगच्या दिवशी चहा स्वतः करून घ्या.