आठव्या महिन्यात रात्री हाताला मुंग्या. पट्टा लावला तर त्रास वाढला

निंबोणी
वहिनीला ३२वा आठवडा चालू आहे. तीन आठवड्यांपासून रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. दोन्ही हात, पण उजवा जास्त. पलंगाच्या कडेला हात खाली सोडून झटकले की पाचेक मिनिटांत उतरतं. सकाळी बोटं ताठ असतात, कपाचा कान धरवत नाही. मागच्या तपासणीत बीपी ११८/७६, साखरेची चाचणी ठीक. थायरॉइडची २५ची गोळी गरोदरपणाच्या आधीपासून आहे.

औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा आणला, आत धातूची पट्टी असलेला. चार रात्री लावला तर मुंग्या उलट वाढल्या. घरात मतं दोन: कॅल्शियम कमी पडतंय, नाहीतर रक्त कमी आहे. पट्टा चुकीचा आहे की हे दुसरंच काही आहे?

हस्तोपचार
पट्ट्याकडे नंतर येऊ. आधी करंगळीचं सांगा. मुंग्या येतात तेव्हा करंगळीलाही येतात का? आणि अनामिकेच्या दोन्ही कडा सारख्याच बधिर होतात की मधल्या बोटाकडची जास्त? वहिनींनी डोळे मिटायचे, तुम्ही कापसाने एकेक बोट हलकंच स्पर्शून बघा.

निंबोणी
बघितलं. करंगळी अगदी ठीक. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना स्पर्श बोथट लागतो. अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बोथट, करंगळीकडची चांगली. तळहाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग मात्र नीट कळतो.

हस्तोपचार
मग नकाशा जवळजवळ पूर्ण झाला. अनामिका मधोमध वाटली जाते ती मीडियन नावाच्या नसेमुळे. ही नस मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते. खाली आठ छोटी हाडं, वर एक जाड आडवा पट्टा, आणि आत बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि ही एक नस, अशी दाटी. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, स्नायुबंधांभोवतीचं आवरण फुगतं. हाड सरकत नाही, वरचा आडवा पट्टा ताणत नाही, दबते ती नस. याचंच नाव कार्पल टनेल सिंड्रोम. अंगठ्याखालचा भाग शाबूत आहे कारण त्याची फांदी बोगद्यात न शिरता वरून जाते. कॅल्शियम कमी असतं तर ओठांभोवतीही मुंग्या आल्या असत्या, हातापायांत गोळे आले असते. रक्त कमी असल्याने ठरावीक साडेतीन बोटं बधिर होत नाहीत.

रात्रीच का, तर दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर वर सरकतं, आणि झोपेत मनगट नकळत आत दुमडतं. गरोदर बाई कुशीवर झोपते, हात उशीखाली किंवा गालाखाली जातो, म्हणजे दुमड आणि दाब दोन्ही.

खात्री करायची तर दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, हातांच्या पाठी एकमेकींना लावून, मनगटं खाली लोंबू द्यायची. ६० सेकंद. त्याच बोटांत मुंग्या आल्या की लगेच हात सरळ. ताणून धरून बघण्यासारखं त्यात काही नाही.

आता पट्टा. तुमचा घोटाळा इथेच असावा. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांमधली धातूची पट्टी आधीच वाकवलेली असते, मनगट २०-३० अंश मागे कलेल अशी. फ्रॅक्चरनंतर किंवा हात लुळा पडला असेल तर ती ठेवण उपयोगाची. कार्पल टनेलला नाही. बोगद्यातला दाब मनगट सरळ असताना सर्वांत कमी असतो. आत वाकवलं तरी वाढतो, मागे वाकवलं तरी वाढतो. म्हणजे चार रात्री नसेला तुम्ही दुसऱ्या बाजूने दाबत होतात.

करायचं असं:
तळहाताच्या बाजूला एक खिसा असतो, त्यातून पट्टी बाहेर ओढा. कुठली बाजू वर होती तिथे पेनाने खूण करा. टेबलाच्या कडेवर दाबून ती सपाट करा. टेबलावर ठेवल्यावर मधे बोट सरकेल इतकी फट राहू नये. परत घालून पट्टा बांधा आणि हाताच्या मागून एक फूटपट्टी ठेवा. हाताची पाठ आणि कोपराखालचा हात एका रेषेत दिसले पाहिजेत. तळहाताकडून बघाल तर तळव्याच्या आकारामुळे फसाल.

पट्ट्याची वरची कड तळहातावरच्या सर्वांत वरच्या आडव्या रेषेच्या खाली थांबली पाहिजे. बोटांची मूठ पूर्ण वळली पाहिजे, अंगठा करंगळीच्या मुळाला लागला पाहिजे. कड वर गेली तर बोटं अडतात आणि सकाळी ताठरपणा वाढतो. वेल्क्रो बांधल्यावर त्याखाली एक बोट सहज जावं. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा सूज जास्त असते. सकाळच्या मापाचा पट्टा रात्री करकचतो. घामाने पुरळ उठत असेल तर जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून ती नळी आत घालायची. अंगठाही जखडणारा पट्टा याला लागत नाही.

रोज रात्री, दोन्ही हातांना. फरक जाणवायला काही आठवडे लागू शकतात, प्रसूतीपर्यंत सोडू नका. दिवसभर बांधून ठेवायची गरज नाही, स्नायू आळसावतात.

चिंचगूळ
आमच्याकडे यावर बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं देतात आणि जेवणातलं मीठ बंद करतात. सूज आहे तर पाणीही कमी प्यावं असं म्हणतात. शिवाय गरम तेलाने मनगट रगडून वर क्रेप बँडेज आवळून बांधलं की आराम पडतो.

रातपाळी
@चिंचगूळ, यातलं आवळलेलं बँडेज सर्वांत आधी काढा. आत जागा नाही म्हणून नस दबतेय, त्यावर बाहेरून आणखी आवळायचं? तेल हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, मनगटाच्या आतल्या बाजूवर अंगठ्याने रगडायला आहे. मीठ बंद केल्याने किंवा पाणी तोडल्याने ही सूज उतरत नाही. लोणचं-पापड बेताने खा, बाकी जेवण नेहमीचं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर मुळीच नकोत. बी-कॉम्प्लेक्समधल्या बी-६चा कार्पल टनेलला ठोस फायदा दिसलेला नाही, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच जीवनसत्त्व नसा बिघडवतं. बी-१२ची गोष्ट वेगळी. शाकाहारी बाईत ते कमी असू शकतं, पण त्याच्या मुंग्या सहसा तळपायांपासून सुरू होतात. शंका असेल तर रक्त तपासून मग घ्यावं.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण 'हात दुखतो' म्हटलं की घरातली गोळी पुढे केली जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही मंडळी २० आठवड्यांनंतर डॉक्टरने सांगितल्याशिवाय नाहीत. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. वहिनींच्या टप्प्यावर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याचीही भीती असते. दुखण्यावरचं मलमही बऱ्याचदा डायक्लोफिनॅकचंच असतं, तेही विचारूनच. पॅरासिटामॉल चालतं, पण मुंग्यांवर ते फारसं काम करत नाही. प्रीगॅबलिन किंवा गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी कुणाची उरलेली आहे म्हणून घेऊ नका.

@निंबोणी, दोन गोष्टी तपासा. ३० आठवड्यांच्या सुमारास टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, झाली का? गरोदरपणात थायरॉइडची मात्रा बऱ्याचदा वाढवावी लागते, आणि थायरॉइड कमी पडलं की मनगटातली सूज वाढते. गोळी लोह किंवा कॅल्शियमच्या जोडीने घेतली जात असेल तर ती नीट शोषलीच जात नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची, लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी.

दुसरं बीपी. मागची तपासणी किती दिवसांपूर्वीची? हातांची सूज हळूहळू वाढणं वेगळं, आणि दोन-तीन दिवसांत तोंड, हात, पाय एकदम फुगणं वेगळं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, बीपी १४०/९० किंवा वर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. १६०/११०ला तर तासही दवडायचा नाही. आणि एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय असं झालं तर ते कार्पल टनेल नव्हे, १०८ला फोन.

बाळाला मात्र या मुंग्यांनी काही होत नाही.

निंबोणी
टीएसएच २४व्या आठवड्यानंतर झालीच नाही. आणि लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच, एका घोटात! उद्या फोन करते. बीपी मोजून बारा दिवस झाले.

दिवसा काय करावं? स्वयंपाक, धुणं चालू आहे, आणि पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे.

हस्तोपचार
डोहाळजेवणाचं बरं आठवण केलंत. हिरवा चुडा भरायचा तर नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठं सांगा. कासार साबण लावून घट्ट बांगडी चढवतो, पण सुजलेल्या मनगटावरून ती उतरत नाही. अंगठ्या आजच काढून ठेवा. अडकली असेल तर हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, साबण लावा आणि फिरवत काढा. बोट निळं पडू लागलं तर ओढाओढ नको, अंगठी कापून घ्यायची.

कामांत वाईट ती घट्ट पकड आणि वाकलेलं मनगट एकत्र येणारी. कणीक मळणं यात पहिलं: तळहाताच्या टाचेने दाब देताना नेमका बोगदाच दाबला जातो. कपडे पिळणं दुसरं. विळीवर नारळ खवणं तिसरं. ही तीन कामं महिना-दोन महिने दुसऱ्या कुणीतरी करायची, त्यावर वाटाघाट नको. लाटणं चालेल, पण ओट्याची उंची अशी की मनगट सरळ राहील. चमचा, झारा, झाडू यांच्या दांड्याला जुनं फडकं गुंडाळून जाड केलं की पकड सैल पुरते. मोबाइल हातात धरून अंगठ्याने तासभर सरकवणंही याच यादीत येतं, ते कुणी काम म्हणून मोजत नाही.

स्नायुबंध सरकवायचा व्यायाम: बोटं सरळ, मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा, पुन्हा सरळ, पूर्ण मूठ, सरळ, मग मुळातून काटकोनात, टेबलासारखं, सरळ, शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या खालच्या भागाला टेकवून सपाट मूठ. प्रत्येक ठेवण ३ सेकंद. असं ५ वेळा, दिवसातून ३ वेळा. मनगट पूर्णवेळ सरळ. करताना मुंग्या वाढल्या तर संख्या निम्मी करा. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम कुणीतरी सुचवेलच, तो नको. आधीच दाटी असलेल्या बोगद्यात तो भर घालतो.

रात्री झोपताना पुढ्यात एक लांब उशी घ्यायची आणि वरचा हात तिच्यावर पसरायचा. सकाळी बोटं फार ताठ वाटली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ मनगटाच्या आतल्या बाजूला १० मिनिटं. स्पर्श बोथट आहे, म्हणून बर्फ थेट कातडीला लावू नका.

आणि आठवड्यातून एकदा हे बघा: तळहात वर करून हात टेबलावर, अंगठा सरळ छताकडे उभा, तुम्ही एका बोटाने तो खाली ढकला. आधी टिकत होता आणि आता लगेच पडतो, दिवसाही बधिरपणा जात नाही, हातातून वस्तू सुटतात किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसल्यासारखा दिसतो, तर पट्ट्यावर विसंबून राहायचं नाही. नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी एनसीव्ही चाचणी गरोदरपणात करता येते. पुढे बोगद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन हा मार्ग आहे. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते एवढं ध्यानात ठेवावं. शस्त्रक्रिया फक्त हात बधिर करून होते, पण गरोदरपणात ती क्वचितच लागते.

रातपाळी
प्रसूतीनंतरचं आत्ताच सांगून ठेवते, तेव्हा हे वाचायला कुणाला वेळ नसेल.

बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो, पण दुसऱ्याच दिवशी गेला नाही म्हणून घाबरू नका. सलाइन भरपूर गेलं असेल तर पहिले काही दिवस सूज वाढूही शकते. भरती होताना सांगा की सुई मनगटाच्या वाकात लावू नका, नाहीतर पट्टा बांधता येत नाही. सिझर झालं तर उठताना तळहात गादीवर रेटून उठायचं नाही. कुशीवर वळून कोपराचा आधार घ्यायचा.

पाजताना बाळाचं डोकं वाकवलेल्या पंजात धरलं की पाऊण तास मनगट दुमडलेलंच राहतं, तेही दिवसातून आठ-दहा वेळा. उशी मांडीवर इतकी उंच घ्या की बाळाचं वजन उशीवर आणि डोकं कोपराजवळच्या हातावर येईल. रात्री कुशीवर पडून पाजलं तर पट्टा काढावाही लागत नाही.

बाळाला काखेत अंगठे फाकवून उचलू नका. दोन्ही तळवे वर करून, एक मानेखाली, एक ढुंगणाखाली, ओंजळीत घेतल्यासारखं. नाहीतर एक दुखणं जाऊन दुसरं येतं: अंगठ्याच्या बाजूने मनगटाची कड दुखते, मुंग्या नसतात. त्याला अंगठा जखडणारा पट्टा लागतो, हा नाही. मुंग्या तीन महिन्यांनंतरही रोज येत असतील तर हाताच्या डॉक्टरांना दाखवा.

निंबोणी
टीएसएच उद्या सकाळी. बीपी आज जवळच्या दवाखान्यात मोजलं, १२०/७८. पट्टी बाहेर काढली तर खरंच होडीसारखी वाकलेली होती! उजव्या हाताची सपाट झाली. डाव्याच्या पट्ट्यात मात्र प्लास्टिकची आहे, वाकवली की परत उसळते.

हस्तोपचार
प्लास्टिकची सपाट होणार नाही, गरम करायलाही जाऊ नका, तडकते. ती काढून टाका आणि तिच्या जागी साधारण त्याच लांबीची लाकडी फूटपट्टी कापून घाला. टोकं घासून गोल करा आणि दोन्हीकडे चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, म्हणजे खिसा फाटणार नाही. फूटपट्टी मनगटाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान चार बोटं जायला हवी; आखूड पडली तर पट्टा असूनही मनगट वाकतं.